बेताल जागा

"काही वेगळं वागू नकोस. रोज असतोस तसाच राहा," मनगटावर पट्टा बांधता बांधता ती मुलगी म्हणाली, आणि श्रीतेज बाबरला आपण रोज कसे असतो तेच आठवेना.

पुण्यातल्या एका मोठ्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या फाटकाशी ही रांग लागली होती. सीईटीचा निकाल नुकताच लागला होता आणि राज्यभरातली मुलं गटागटानं कॉलेजं बघत फिरत होती. पूर्वीसारखं लॅब बघितली, प्लेसमेंटचा आकडा विचारला, हॉस्टेलचं संडास-बाथरूम बघून नाक मुरडलं आणि निघालो, असं आता राहिलं नव्हतं. आता मुलानं मनगटावर पट्टा बांधून दिवसभर कॉलेजात वावरायचं. तिथल्या मुलांच्या हातातही तसेच पट्टे. संध्याकाळी आकडा यायचा. त्याला म्हणायचे सहवासांक.

श्रीतेजचा तो दिवस झकास गेला. तिसऱ्या वर्षाच्या आठ मुलांनी त्याला वर्कशॉपात नेलं. पायऱ्या चढणारी एक सहा चाकी गाडी त्यांनी बनवली होती. ती चौथ्या पायरीवर उलटी झाली आणि आठही पोरं एकदम ओरडली. कुणीतरी श्रीतेजच्या खांद्यावर हात टाकून म्हणालं, "भावा, तूच सांग आता हिला समजावून!" मग सगळ्यांनी मिसळ खाल्ली. विनोद, टिंगल, एकमेकांना नावं ठेवणं चाललं होतं. श्रीतेज त्यांच्यात बसला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा तो कुणाच्या तरी मध्ये बसला होता, कडेला नव्हे.

पालकांसाठीच्या मांडवात वडील, धनाजी बाबर, वाट बघत होते. मुलगा हसतमुखानं आलेला बघून त्यांनीही मिशीवरून हात फिरवला. तेवढ्यात मोबाइलवर आकडा उमटला.

शंभरपैकी एकतीस.

"हे कुणा दुसऱ्याचं असंल," धनाजी म्हणाले.

दुसऱ्याचं नव्हतं. नाव, फोटो, सीईटीचा नंबर सगळं श्रीतेजचंच होतं.

पुढच्याच आठवड्यात ते आजऱ्याच्या पुढचं एक कॉलेज बघायला गेले. लहानसं, डोंगराच्या पोटाशी वसलेलं. तिथं श्रीतेजला तीन मुलांच्या हवाली केलं. ती मुलं एका पंपाची मोटर उघडून बसली होती. एकानं "ये" म्हटलं, एकानं पान्याकडे बोट दाखवलं, तिसऱ्यानं तेवढंही केलं नाही. जेवताना आमटी वाढण्यापलीकडे बोलणं झालं नाही. दुपारी श्रीतेज खिडकीतून ढग बघत बसला. तिघांपैकी एक तेच करत होता. घरी जायची वेळ कधी होते असं त्याला झालं होतं.

अठ्ठ्याऐंशी.

विट्याला परतताना गाडीत धनाजी म्हणाले, "तुला कुठलं आवडलं?"

"पुण्याचं."

"मग झालं की."

"पण पप्पा, मला जे आवडलं तिथं माझं जमणार नाही असं म्हणतंय ते. आणि जिथं कंटाळलो तिथं जमेल म्हणतंय."

"यंत्राला काय कळतंय?" असं म्हणायला धनाजींनी तोंड उघडलं, पण म्हणाले नाहीत. कारण यंत्राला बरंच कळतं, हे एव्हाना सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं होतं.

*

गोष्ट साधी होती. दोन माणसं मनापासून बोलत असली की त्यांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात. हृदयाचे ठोके एकत्र चढतात, एकत्र उतरतात. तळहातांना घामही बरोबरच सुटतो. शास्त्रज्ञांना हे पुष्कळ वर्षं माहीत होतं, पण ते प्रयोगशाळेत, समोरासमोर खुर्च्यांवर बसवलेल्या दोन माणसांपुरतं. बाहेरच्या जगात माणूस जिने चढतो, उन्हातून येतो, चहा पितो. ठोके त्यानंही वाढतात. त्यातले जिन्याचे ठोके कुठले आणि माणसाचे कुठले हे निवडता येत नव्हतं. पुढे ते निवडणारं गणित सापडलं, आणि सगळी यंत्रणा एका पातळ पट्ट्यात मावली.

मग कुणीतरी हे पट्टे कॉलेजच्या मुलांना बांधले आणि त्यांचा चार वर्षं माग ठेवला. पहिल्या काही दिवसांत ज्यांची लय आजूबाजूच्या मुलांशी जुळली, ती मुलं टिकली. ज्यांची जुळली नाही त्यांच्यातली बरीच मधूनच घरी परतली, किंवा राहिली ती खोलीचं दार लावून. हुशारीचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. हे निष्कर्ष आले आणि दोन वर्षांत प्रवेशाच्या वेबसाइटवर कॉलेजच्या नावापुढे एक नवा रकाना आला.

पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी त्याचे क्लास निघाले. विट्याच्या स्टँडसमोरसुद्धा 'जुळणी अकॅडमी'चा बोर्ड लागला होता. समोरच्याच्या छातीकडे न बघता त्याचा श्वास कसा ओळखायचा आणि आपला त्याला कसा जोडायचा, हे तिथं शिकवत.

श्रीतेजची आई स्नेहल त्या रकान्याला हसली नव्हती. ती हायस्कुलात गणित शिकवायची आणि आकड्यांवर तिचा विश्वास होता. शिवाय तिला लातूर आठवत होतं.

दहावीनंतर श्रीतेजला लातूरला क्लाससाठी ठेवलं होतं. चांगला क्लास, चांगलं हॉस्टेल. दीड वर्षात त्यानं एकाही मित्राचं नाव घरी सांगितलं नाही. मेसमध्ये तो ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसतो, हे एका दुसऱ्याच मुलाच्या आईकडून तिला कळलं. आणि बारावीच्या हिवाळ्यात एके दिवशी सकाळी सकाळी तो न सांगता, नुसत्या अंगावरच्या कपड्यांनिशी विट्याच्या घरी दारात येऊन उभा राहिला. हात थरथरत होते. उरलेली बारावी त्यानं घरूनच केली.

"अठ्ठ्याऐंशी म्हणजे काय थोडं आहे का?" ती म्हणाली. "आजऱ्याला टाका पहिला नंबर."

"आणि पुण्याच्या कॉलेजचं नाव आहे त्याचं काय?" धनाजी म्हणाले.

"नाव घेऊन चाटायचंय का? पोरगं टिकलं पाहिजे."

"टिकंल की. मी नाही टिकलो त्रिशूरला?"

धनाजी सोळा वर्षं केरळात सोनं गाळून शुद्ध करायच्या, गलाईच्या धंद्यात होते. विट्याची निम्मी माणसं अशीच देशभर पांगलेली. पण आज त्रिशूरचं नाव काढून ते जरा अडखळले.

"खरं सांगू का, त्या गल्लीत सगळी आपलीच माणसं होती. विट्याची, खानापूरची, आटपाडीची. तुझा तो आकडा काढला असता तर शंभर आला असता. पण सोळा वर्षांत मला मल्याळम धड बोलता आलं नाही. परत आलो तेव्हा कळलं, की मी त्रिशूरला गेलोच नव्हतो. विट्यातच राहिलो होतो."

श्रीतेजला दोघांचंही पटलं आणि त्यामुळे तो आणखीच गोंधळला.

*

रविवारी अनुजा आली. ती धनाजींच्या थोरल्या बहिणीची मुलगी. हे पट्टे जिथं तपासले जातात अशा बंगळुरूच्या एका कंपनीत ती कामाला होती. श्रीतेजच्या दोन्ही दिवसांची रेघारेघांची चित्रं तिनं लॅपटॉपवर उघडली आणि बराच वेळ बघत राहिली.

"तेजा, हे बघ. ही निळी रेघ पुण्याच्या पोरांची, ही तांबडी तुझी. इथं गाडी उलटली. निळी वर गेली, खाली आली. तुझी कुठाय?"

तांबडी रेघ सपाट होती. निळी खाली आल्यावर कितीतरी वेळानं ती हळूच वर चढली होती.

"तुझं शरीर दाद देतं. पण उशिरा. ती हसून मोकळी होतात, तेव्हा कुठं तुझे ठोके वाढतात. पट्टा तेवढं थांबत नाही."

"म्हणजे पट्टा चुकतोय?"

"चुकत नाही रे." तिनं चष्मा वर सरकवला. "माणसंही तेवढं थांबत नाहीत."

श्रीतेजनं मान खाली घातली. मग म्हणाला, "आणि आजऱ्याला?"

"ती तिघंही तुझ्यासारखीच संथ."

"अनुताई, मला तिथं भयंकर कंटाळा आला होता."

"हो. चौघांनाही एकदमच आला. इतका सुंदर जुळलेला कंटाळा मी पहिल्यांदाच बघतेय."

ती हसली. थोड्या वेळानं श्रीतेजही हसला. त्याला स्वतःलाच ते मधलं अंतर जाणवलं आणि हसू अर्ध्यावरच विरलं.

"मग मी कुठं जाऊ?"

"ते मी नाही सांगणार. जुळतं कुठं ते पट्टा सांगतो. जुळावं का, ते नाही सांगत."

अनुजानं बरोबर पट्ट्यांचा एक घरगुती संच आणला होता. स्नेहलनं तो बघितला मात्र, हातच पुढे केला. "आम्हालाही बांध की गं. बघू तरी घरात काय निघतंय."

"मामी, नको. उगीच काहीतरी मनात बसतं."

"काय बसायचंय? आई-मुलाचं काय मोजायचं असतं होय? गंमत म्हणून."

तिघांनी पट्टे बांधले. दिवस नेहमीसारखा गेला. धनाजी आणि श्रीतेज यांची कॉलेजवरून पुन्हा जुंपली, दोघं चिडले, दोघं वरमले. स्नेहलनं दोघांना सोलकढी दिली. शेजारणीशी फोनवर बोलता बोलता तिनं भाजी निवडली, वह्या तपासल्या, श्रीतेजचा शर्ट उसवला होता तो टाचला. संध्याकाळी आकडे आले.

बाप आणि लेक, चौसष्ट.

आई आणि लेक, बावीस.

"बघा," धनाजी खुशीत येऊन म्हणाले, आणि बायकोचा चेहरा बघून गप्प झाले.

अनुजा घाईघाईनं समजावत होती. मामी, तुम्ही चपळ आहात, तो संथ आहे, एवढंच आहे, याचा मायेशी काही संबंध नाही. स्नेहल मान हलवत होती. "कळतंय गं मला. गंमतच तर होती," ती म्हणाली आणि गॅसवर काहीतरी बघायला आत गेली. गॅस बंद होता.

*

त्यानंतरच्या दिवसांत श्रीतेजला घरात काहीतरी चमत्कारिक वाटू लागलं. तो चहा प्यायला बसला की आई समोर येऊन बसायची. हातात काम नसायचं. असं ती आयुष्यात कधी बसली नव्हती. तो बोलायला लागला की ती मध्ये बोलायची नाही, आणि त्याचं बोलून झाल्यावरही लगेच उत्तर द्यायची नाही. एकदा तर तो पाणी पिताना श्वास रोखून थांबला आणि त्याच्या लक्षात आलं, की समोर आईनंही श्वास रोखला आहे.

"आई, काय करतेयस?"

"कुठं काय?"

दोन दिवसांनी स्टँडवर त्याला 'जुळणी अकॅडमी'चे सर भेटले. त्यांच्याच गल्लीत राहायचे. "तुझ्या आईला म्हणावं, आज बॅच उशिरा आहे," ते म्हणाले. "मन लावून करतात हं त्या. पालक कुणी येत नाही सहसा."

श्रीतेज तिथंच उभा राहिला. आपली आई, जी एका हातानं फोडणी घालते आणि दुसऱ्यानं प्रमेय सोडवून दाखवते, ती अठरा-अठरा वर्षांच्या पोरांमध्ये बसून आपल्यासारखा श्वास घ्यायला शिकतेय. त्याला राग आला की रडू, ते त्याला कळलं नाही. आणि ते कळेपर्यंत तो घरी पोचला होता. घरी त्यानं हा विषयच काढला नाही.

त्याच दिवशी दुपारी पुण्याहून फोन आला. प्राध्यापक वसुधा निमकर. विद्यार्थ्यांचं हॉस्टेल आणि स्वास्थ्य त्यांच्याकडे होतं. त्यांनी स्पष्टच विचारलं, "श्रीतेज, तुमचा सहवासांक एकतीस आला, म्हणून तुम्ही आमचं कॉलेज यादीत खाली टाकलंय का?"

"अजून कुठंच नाही टाकलं, मॅडम."

"मग वर टाका, असं सुचवायला फोन केलाय."

श्रीतेजनं फोन स्पीकरवर ठेवला. धनाजी खुर्ची ओढून जवळ आले.

"बारावीला रेझोनन्स शिकलात ना? पुलावरून जाताना सैनिकांना पावलं मोडायला का सांगतात?"

"सगळ्यांची पावलं एकदम पडली आणि ती पुलाच्या लयीशी जुळली, तर पूल हलायला लागतो. जोरात."

"बरोबर. गेल्या दोन वर्षांत आम्ही असाच पूल बांधून ठेवलाय." त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी नव्वदच्या वरची मुलं निवडली. इतकी प्रेमळ बॅच आम्ही पाहिली नव्हती. भांडण नाही, एकटेपणा नाही. मग सहामाहीच्या आधी एका मजल्यावर एक मुलगा घाबरला. घाबरतातच मुलं. पण शेजारचा घाबरला, त्याच्या शेजारचा घाबरला. दोन दिवसांत अख्खं हॉस्टेल जेवेना. परीक्षा पुढे ढकलावी लागली. दुसऱ्या वर्षी तेच. फक्त एक मजला सावरलेला राहिला. का, म्हणून आम्ही पाहिलं, तर तिथं तीन मुलं बाकीच्यांशी अजिबात न जुळणारी होती. शेवटच्या फेरीत, नाइलाजानं घेतलेली."

"म्हणजे..."

"म्हणजे यंदा प्रत्येक मजल्यावर काही जागा अशा मुलांसाठी ठेवल्या आहेत. मेरिटमध्ये तुम्ही बसताच. ऑफिसात त्यांना विषमलय जागा म्हणतात." त्या हसल्या. "पोरं बेताल जागा म्हणतात."

धनाजींना राहवलं नाही. "मॅडम, म्हणजे माझ्या पोराचा तुम्ही शॉकअप करणार का? गाडीला बसवतात तसा?"

"तुमचा राग बरोबर आहे. म्हणून तर लपवून न ठेवता आधीच सांगतेय."

श्रीतेजनं विचारलं, "मॅडम, मला तिथं मित्र मिळतील का?"

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "कॉलेजला तुमचा उपयोग होईल, एवढं माहीत आहे. तुम्हाला कॉलेजचा होईल की नाही, ते खरंच माहीत नाही."

फोन ठेवल्यावर धनाजी येरझाऱ्या घालत राहिले. इतके दिवस पुणे पुणे करणारा माणूस आता म्हणायला लागला, "काही नको ते पुणं. आजऱ्यालाच जा." आणि संध्याकाळी शाळेतून आलेल्या स्नेहलला सगळं सांगितलं, तर ती एकदम उजळून म्हणाली, "एकतीसवाल्यांची गरज लागते?"

श्रीतेजला हसावं की काय कळेना. दोघांनी बाजू बदलल्या होत्या, आणि तो मध्ये होता तिथंच उभा होता.

*

ऑप्शन फॉर्म बंद व्हायच्या आदल्या संध्याकाळी तो गच्चीवर गेला. आई वाळलेले कपडे काढत होती. त्याला बघून तिचे हात संथ झाले. मुद्दाम.

"आई, तो क्लास सोड."

चिमटे तिच्या हातातच राहिले. "तुला कुणी सांगितलं?"

"माझ्यासारखा श्वास नको घेऊस. तुला धाप लागते."

ती ओशाळली. मग कपड्यांचा ढीग कठड्यावर ठेवून खालीच बसली. "बावीस, तेजा," ती म्हणाली. "परीक्षेत कुणाला बावीस पडले की मी त्याच्या आईला बोलावते."

तो तिच्याशेजारी बसला. एक गोष्ट त्याच्या मनात गेल्या हिवाळ्यापासून रुतून बसली होती. ती आता बाहेर आली.

"मी लातूरहून आलो ना, त्या दिवशी. तू दार उघडलंस आणि म्हणालीस, हातपाय धू, थालीपीठ लावते. रडली नाहीस. काय झालं म्हणून विचारलंही नाहीस. मी थरथरत होतो आणि तू कांदा चिरत होतीस. मला वाटलं, हिला काहीच वाटत नाही. आकडा आला तेव्हाही पहिल्यांदा तेच आठवलं."

स्नेहल त्याच्याकडे बघतच राहिली.

"अरे, हॉस्टेलचा फोन आदल्या संध्याकाळीच आला होता. तू खोलीत नाहीस म्हणून. तुझे पप्पा गाडी घेऊन लातूरच्या वाटेला लागले. मी एकटी घरात. काय काय मनात आलं ते सांगत नाही. विहिरी आल्या, रेल्वेचे रूळ आले. सकाळी तू दारात दिसलास. तू दिसलास तेव्हा माझं सगळं घाबरून झालं होतं. मग कांदा चिरायचा नाही तर काय करायचं?"

आकड्याचा अर्थ त्याला त्या क्षणी कळला असं म्हणता येणार नाही, पण त्या सकाळचा थोडा कळला. तो थरथरत होता आणि घरात एक माणूस थरथरत नव्हतं. तीही थरथरली असती, तर त्या दिवशी दोघांना कुणी सावरलं असतं? थालीपीठ खाता खाताच त्याचे हात थांबले होते, हेही त्याला आता आठवलं.

पण म्हणून पुण्याला जावं? आई म्हणजे आई. तिथली पोरं काय थालीपीठ लावणार आहेत? आणि आपण तिथं कुणाचा कांदा चिरायचा? आजऱ्याची मुलं निदान थांबणारी होती. की तीही थांबत नव्हती, नुसती बसली होती?

"मला अजून काहीच कळत नाहीये, आई," तो म्हणाला.

"मलाही," ती म्हणाली आणि भराभर, आपल्या नेहमीच्या वेगानं कपड्यांच्या घड्या घालू लागली. त्याला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पहिल्या नंबरावर पुणे टाकलं. का, असं धनाजींनी विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तिथं मला मजा आली होती, पप्पा. उशिरा आली असेल. पण आली होती."

*

पुण्यात पहिले दोन महिने वाईट गेले. वर्कशॉपातली ती मुलं भेटली, पण त्यांना तो आठवत नव्हता. त्यांनी त्या दिवसांत कितीतरी पोरांच्या खांद्यावर हात टाकले होते. मजल्यावरची बाकीची मुलं एकमेकांची वाक्यं पुरी करायची, एकदम उठायची, एकदम जेवायला जायची. श्रीतेज चप्पल शोधेपर्यंत जिना रिकामा झालेला असायचा. कुणी वाईट वागत नव्हतं. "बेताल" म्हणत, पण तेही लाडानंच. घरी फोन केला की तो "बरं आहे" म्हणायचा आणि आई "जेवलास का" विचारायची. आपण चुकलो की काय, हा विचार रोज येई. निमकर मॅडम वाटेत भेटल्या की काहीतरी विचारावं अशा थांबत, आणि न विचारताच जात.

मग पहिल्या सत्राची परीक्षा आली. गणिताच्या पेपराला निम्मा वर्ग उडणार, अशी बातमी कुठूनतरी उठली. सकाळी मेसमध्ये श्रीतेज गेला तर मजल्यावरचं कुणीच नव्हतं. तो पोहे घेऊन बसला. थोड्या वेळानं कोपऱ्यातल्या खोलीतला पुष्कर धुमाळ आला. चेहरा पांढरा पडला होता. ताट न घेताच तो समोर बसला आणि श्रीतेजच्या खाण्याकडे बघत राहिला.

"वर सगळ्यांची वाट लागलीय," पुष्कर म्हणाला. "ओंक्या उलट्या करतोय. मला तिथं बसवेना." मग थोड्या वेळानं म्हणाला, "तुला काहीच होत नाही का रे?"

"होतं."

"कधी?"

"मला जरा उशीर होतो."

पुष्करनं श्रीतेजच्या ताटातले दोन घास पोहे खाल्ले. मग स्वतःचं ताट घेऊन आला. त्याच्या मागून आणखी एक आला, मग आणखी दोघं. श्रीतेज काही विशेष बोलला नाही. त्याच्याकडे बोलण्यासारखं नव्हतंच. तो इंटिग्रेशनचं एक गणित पेपर नॅपकिनवर सोडवत बसला, आणि तिघं-चौघं वाकून बघत बसले.

उठताना पुष्कर म्हणाला, "म्हणजे आमचं सगळं आटपल्यावर तू एकटाच घाबरणार?"

"बहुतेक."

"मग तेव्हा माझ्याकडे ये."

निकाल लागला. मजल्यावरचे जवळजवळ सगळे पास झाले, श्रीतेजही. दुपारी सगळी मुलं आरडाओरडा करत मैदानावर गेली. खोलीत एकट्या बसलेल्या श्रीतेजचे हात गार पडू लागले. छातीत धडधडायला लागलं. आता कशाची भीती, सगळं झालं की, असं त्यानं स्वतःला समजावून पाहिलं. उपयोग झाला नाही.

पुष्कर ते बोलला होता, पण माणसं बोलतात. त्याला ते आठवतही नसेल. तोही मैदानावर गेला असेल. आणि त्या सकाळी मेसमध्ये जे झालं त्याला मैत्री म्हणायचं, की मॅडमचं गणित बरोबर आलं म्हणायचं, हेही श्रीतेजला अजून ठरवता आलं नव्हतं. तो कॉरिडॉरमध्ये गेला, परत फिरला, पुन्हा गेला. कोपऱ्यातल्या खोलीचं दार त्यानं वाजवलं तेव्हाही त्याचं काही ठरलेलं नव्हतं.

दार उघडायला वेळ लागला. श्रीतेज थांबला.

"आलास होय," पुष्कर डोळे चोळत म्हणाला, आणि पलंगावरचे कपडे उचलून त्यानं जागा केली.